हुंडीपासून मोडेमपर्यंत : तारेवरील अक्षराची विश्वासार्हता

ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात मोडेम या यंत्रावर लेख कशासाठी, असा प्रश्न सुजाण वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. ग्रंथालय हे अक्षर सांभाळणारे घर आहे. अक्षर एका हातातून दुसऱ्या हातात, एका गावातून दुसऱ्या गावात, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाताना बिघडू नये, ही ग्रंथालयाच्या मागची मूळ काळजी होय. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाला ती होती, पाठशुद्धी करणाऱ्या संपादकाला ती होती, छापखान्यात मुद्रिते तपासणाऱ्यालाही ती होती. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंधरा वर्षांत हीच काळजी एका अगदी अनपेक्षित ठिकाणी येऊन उभी राहिली. ते ठिकाण म्हणजे घरातील साध्या टेलिफोनची तार. बोलण्यासाठी टाकलेल्या या तारेवरून लिहिलेला मजकूर एकही अक्षर न चुकता कसा पाठवावा, हा प्रश्न त्या काळी पुष्कळांनी आपल्या परीने सोडवला. तो कसा सुटला, याची हकिकत येथे थोडक्यात सांगावयाची आहे.

बोलण्यासाठी बांधलेला रस्ता

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील टेलिफोन केंद्रे २८ जानेवारी १८८२ या दिवशी सुरू झाली. त्यानंतरची शंभर वर्षे या देशात टेलिफोन म्हणजे माणसाचे माणसाशी बोलणे, एवढाच त्याचा अर्थ होता. त्याची सारी रचना या एका कामासाठी बेतलेली होती. माणसाचा आवाज ओळखू यावा आणि शब्द कळावेत, यासाठी दर सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा पुरेसा होतो. म्हणून टेलिफोनचा मार्ग तेवढ्याच पट्ट्यापुरता बांधण्यात आला. त्यापलीकडचे खोल आणि उंच स्वर त्यातून जात नाहीत. गायकाचा आवाज फोनवर पातळ वाटतो, त्याचे कारण हेच.

संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक या दोन चिन्हांची. ती या रस्त्यावरून जशीच्या तशी जाऊ शकत नाही. त्या चिन्हांचे स्वरांत रूपांतर करून तारेवर सोडणे आणि पलीकडे त्या स्वरांतून पुन्हा चिन्हे वेचून काढणे, हे दुहेरी काम करणारे यंत्र म्हणजे मोडेम. स्वरावर चिन्ह चढवणे आणि स्वरावरून चिन्ह उतरवणे या दोन क्रियांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरे जोडून हा शब्द तयार झाला आहे.

अडचण होती ती कान आणि यंत्र यांच्या स्वभावांतील भेदाची. कान मोठा क्षमाशील आहे. बोलताना तारेवर खट्ट असा आवाज झाला, एखादा शब्द अर्धवट ऐकू आला, तरी ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. फारच घोटाळा झाला तर ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. यंत्राला संदर्भ नसतो. दर सेकंदाला २४०० चिन्हे पाठवणाऱ्या मोडेमच्या तारेवर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी खरखर झाली, तर २४ चिन्हे, म्हणजे तीन अक्षरे नष्ट होतात. वेग २८,८०० वर नेला, की तेवढ्याच खरखरीत २८८ चिन्हे, म्हणजे ३६ अक्षरे बुडतात. वेग जितका अधिक तितकी एका ठेचेची किंमत अधिक, असा हा हिशेब आहे.

आणि आपल्याकडील तारांवर ठेचा पुष्कळ होत्या. जुन्या केंद्रांतील यांत्रिक निवडक फिरताना जवळच्या जोडण्यांना हादरे बसत आणि त्यांचे खटके तारेवर ऐकू येत. कागदाचे वेष्टण असलेल्या जमिनीखालच्या तारांत पावसाचे पाणी शिरले, की तारा आपसांत कुजबुजू लागत. ‘क्रॉस कनेक्शन’ हा शब्द त्या काळच्या प्रत्येक घराला ठाऊक होता. पेट्रोलियम जेलीने भरलेल्या तारा आल्यानंतर हा त्रास पुष्कळ कमी झाला. परंतु खांबावरच्या डी.पी.पासून घरापर्यंत येणारी तार, तिचे उघडे सांधे आणि भिंतीवरील गंजलेला रोझेट हे शेवटचे काही हात कायम कच्चेच राहिले. त्यात घरातल्याच कोणी दुसऱ्या खोलीतला समांतर फोन उचलला, की चाललेली जोडणी तत्काळ तुटे.

जुन्या माणसांनी योजलेले तीन उपाय

सदोष मार्गावरून निर्दोष मजकूर नेण्याचा प्रश्न यंत्रयुगात निर्माण झाला, अशी आपली समजूत असेल तर ती दुरुस्त करावी लागेल. आपल्या परंपरेत या प्रश्नावर तीन स्वतंत्र उपाय फार पूर्वीच योजलेले दिसतात.

पहिला उपाय हेतुपुरस्सर पुनरुक्तीचा. वेदपठणात संहितापाठाबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ अशा पद्धती रूढ झाल्या. त्यांत तीच पदे सुलट, उलट, पुन्हा सुलट अशा नेमून दिलेल्या क्रमाने म्हटली जातात. एका ठिकाणी उच्चार चुकला, तर इतर ठिकाणची तीच पदे ती चूक दाखवतात आणि खरे पद काय असावे, हेही सांगतात.

दुसरा उपाय मोजणीचा. पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या किंवा ओव्यांची संख्या देण्याची प्रथा आपल्या वाचकांना परिचित आहे. नक्कल पुरी झाल्यावर मोजदाद जुळली नाही, की मध्ये काहीतरी गळले किंवा शिरले, हे कळते. ते नेमके कोठे, हे मात्र त्यावरून कळत नाही.

तिसरा उपाय पुन्हा मागवण्याचा, आणि त्याचे उत्तम उदाहरण आमच्या सुरतेच्या पेढ्यांत सापडते. सुरत हे मोगलकाळापासून सराफांचे आणि हुंड्यांचे मोठे ठाणे होते. हुंडीत रक्कम केवळ आकड्यांत लिहून भागत नसे. ती अक्षरी लिहीत, शिवाय तिची निमी रक्कम लिहून ‘त्याचे दुप्पट’ असेही नमूद करीत. त्यामुळे एक आकडा पुसला गेला किंवा कोणी बदलला, तरी बाकीचे दोन त्याला खोटे पाडत. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर तिची दुसरी प्रत काढीत. तिला ‘पेठ’ म्हणत. पेठही हरवली, तर तिसरी ‘परपेठ’ निघे. वाटेवर चोर आहेत, नद्यांना पूर येतात, हे गृहीत धरूनच हा व्यवहार आखलेला होता. वाट सुरक्षित करणे सराफाच्या हाती नव्हते, परंतु व्यवहार सुरक्षित करणे त्याच्या हाती होते.

पुनरुक्ती, मोजणी आणि पुन्हा मागणी हे तीन उपाय वाचकांनी ध्यानात ठेवावेत. मोडेमचा पुढील सारा इतिहास हा या तिहींचाच इतिहास आहे.

मोडेमची वाटचाल

१९६० च्या दशकात अमेरिकेत रूढ झालेल्या बेल कंपनीच्या मोडेमचा वेग दर सेकंदाला ३०० चिन्हे, म्हणजे सुमारे तीस अक्षरे एवढाच होता. शून्यासाठी एक स्वर आणि एकासाठी दुसरा, असा त्याचा सरळ व्यवहार. १९८१ साली हेज कंपनीचा स्मार्टमोडेम आला. क्रमांक फिरवणे, फोन उचलणे, ठेवणे ही कामे संगणकाने मोडेमला लेखी आज्ञा देऊन करून घ्यावीत, ही सोय त्याने केली. ‘ए.टी.’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या त्या आज्ञा पुढे साऱ्या जगाने स्वीकारल्या. आपल्याकडील जुन्या केंद्रांना स्वरांनी फिरवलेला क्रमांक कळत नसे, खटक्यांनी फिरवलेलाच कळे. म्हणून येथील वापरणारा ‘ए.टी.डी.टी.’ ऐवजी ‘ए.टी.डी.पी.’ लिही. एका अक्षराचा हा फरक ज्याला ठाऊक नसे, त्याचा मोडेम कितीही उत्तम असला तरी मुका राही.

वेग वाढवण्याची मर्यादा क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच गणिताने सांगून ठेवली होती. टेलिफोनचा सुमारे ३१०० कंपनांचा पट्टा घेतला आणि संदेशाची शक्ती तारेवरील गोंगाटाच्या हजारपट धरली, तर दर सेकंदाला सुमारे ३१ हजार चिन्हांच्या पुढे जाता येत नाही. या मर्यादेपर्यंत पोहोचणे मात्र सोपे नव्हते. स्वराची उंची आणि त्याची कला या दोहोंत एकाच वेळी बदल करून एका ठोक्यात अनेक चिन्हे बसवण्याची युक्ती निघाली. परंतु चिन्हे दाटीने बसवली, की थोड्या गोंगाटानेही एक चिन्ह शेजारच्यासारखे भासू लागते.

येथे पहिला उपाय, म्हणजे पुनरुक्ती, मदतीला आली. आय.बी.एम.च्या झुरिच येथील प्रयोगशाळेतील गॉटफ्रीड उंगरबॉक यांनी १९८२ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. दर चार चिन्हांमागे एक जादा चिन्ह ठरावीक नियमाने गुंफावे, म्हणजे ठोक्यांचा क्रम मनमानी राहत नाही. पलीकडचे यंत्र नियमाबाहेरचा क्रम ओळखते आणि त्याच्या सर्वांत जवळचा नियमातला क्रम निवडते. घनपाठी विद्यार्थ्याची चूक गुरूच्या कानाला जशी लागते, तसाच हा प्रकार. १९८४ च्या व्ही. ३२ या आंतरराष्ट्रीय मानकात ही पद्धत आली आणि साध्या तारेवर ९६०० चा वेग शक्य झाला. १९९१ मध्ये १४,४००, १९९४ मध्ये २८,८००, १९९६ मध्ये ३३,६०० असे टप्पे त्यापुढे गाठले गेले. १९९८ च्या व्ही. ९० मानकाने ५६,००० चा पल्ला दाखवला. तो गाठण्यासाठी मात्र केंद्र अंकीय असावे लागे आणि केंद्रापासून घरापर्यंतची तार चांगली असावी लागे.

दुसरा आणि तिसरा उपाय १९८८ च्या व्ही. ४२ मानकात एकत्र आले. पाठवणारा मोडेम मजकुराचे लहान लहान गठ्ठे करतो. प्रत्येक गठ्ठ्यातील चिन्हांवर ठरलेले गणित करून त्याचे उत्तर गठ्ठ्याच्या शेवटी जोडतो. घेणारा मोडेम तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळले तर पोच देतो, न जुळले तर तो गठ्ठा पुन्हा मागतो. पोथीच्या अखेरची ग्रंथसंख्या आणि सराफाची पेठ ही दोन्ही कामे येथे सेकंदाच्या अंशात होतात, आणि समोर बसलेल्या माणसाला त्यांची गंधवार्ताही नसते. त्याला एवढेच जाणवते, की मजकूर मधूनच थबकला आणि पुन्हा वाहू लागला. पूर्वी पडद्यावर अधूनमधून उमटणारी अर्थहीन चिन्हांची रांगोळी या मानकानंतर दिसेनाशी झाली.

जोडणीच्या वेळी ऐकू येणारा तो चमत्कारिक कोलाहलही निरर्थक नव्हता. उत्तर देणारा मोडेम आरंभी २१०० कंपनांचा दीर्घ स्वर काढी. त्या स्वरामुळे लांब पल्ल्याच्या मार्गावरील प्रतिध्वनी दाबणारी उपकरणे बाजूला होत. मग दोन्ही मोडेम निरनिराळे स्वर सोडून तार कोठे किती कमजोर आहे, याचा अंदाज घेत, आणि तिला झेपेल असा वेग परस्परसंमतीने ठरवीत. तार बिघडली तर वेग उतरवीत, सुधारली तर चढवीत. आपल्या मार्गाची कुवत ओळखून चाल ठरवण्याचा हा विवेक यंत्राला शिकवण्यात आला, ही गोष्ट मला वेगापेक्षाही मोलाची वाटते.

मुंबईतील आरंभ

आपल्या देशात या उद्योगाची पहिली भक्कम पायरी मुंबईत घातली गेली. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ ही शिक्षण-संशोधन संस्थांची जाळ्यात जोडणी करणारी योजना हाती घेतली. पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग हे तिचे आरंभीचे सहभागी होते. मुंबईच्या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमाणी होते. १९८६-८७ च्या सुमारास हे केंद्र आणि पवई येथील आय.आय.टी. यांच्यामध्ये साध्या टेलिफोनवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. या कार्यातील अग्रेसरत्वाबद्दल रमाणी यांचा २०१४ साली इंटरनेटच्या आंतरराष्ट्रीय सन्मान-दालनात समावेश झाला.

त्या वेळी वापरलेली यू.यू.सी.पी. ही पद्धत टपालाच्या थैलीसारखी होती. दोन संगणक सतत जोडलेले नसत. पत्रे एका ठिकाणी साठत. ठरलेल्या वेळी एक संगणक दुसऱ्याचा क्रमांक फिरवी आणि साठलेली थैली रिकामी करी. क्रमांक लागला नाही तर पुन्हा फिरवी. तिच्यातही मजकुराचे लहान गठ्ठे, त्यांची तपासणी आणि चुकलेला गठ्ठा पुन्हा मागवण्याची रीत होती. तार तुटते हे गृहीत धरलेले असल्यामुळे तार तुटली म्हणून काम बुडत नसे. ते उशिरा होई एवढेच. सराफाच्या नीतीशी या नीतीचे साम्य वेगळे सांगावयास नको.

याच सुमारास टेलिफोनच्या केंद्रांतही पालट घडत होता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने श्री. सॅम पित्रोदा यांच्या मार्गदर्शनाखाली १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उष्म्यात ते चालावे, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. यांत्रिक केंद्रांच्या जागी अंकीय केंद्रे येऊ लागली, तसा केंद्रातील खटक्यांचा गोंगाट नाहीसा झाला. मोडेमच्या यशात येथील अभियंत्यांच्या आणि लाइनमनच्या या कामाचा वाटा फार मोठा आहे.

१५ ऑगस्ट १९९५ आणि त्यानंतर

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांसाठी इंटरनेटची सेवा खुली केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतून ती सुरू झाली, आणि पुणे व बंगळूर यांना लवकरच तिचा लाभ मिळाला. वर्षाला २५० तासांच्या चित्रमय सेवेसाठी व्यक्तीला सुमारे १५ हजार रुपये मोजावे लागत. विद्यार्थ्यांसाठी पुढे ५०० रुपयांचे, केवळ अक्षरे दाखवणारे खाते निघाले, आणि अनेक तरुणांनी जगाचे पहिले दर्शन त्या काळ्या पडद्यावरच्या अक्षरांतून घेतले.

सुरुवातीचे महिने समाधानाचे गेले नाहीत. मागणी अंदाजापेक्षा अधिक निघाली. पलीकडे पुरेसे मोडेम नसल्याने क्रमांक सतत गुंतलेला लागे, आणि लागलेली जोडणी टिकत नसे. निगमाचे तत्कालीन अध्यक्ष श्री. बी. के. सिंगल यांनी तयारीतील उणीव जाहीरपणे मान्य केली आणि सामग्री वाढवण्यात आली. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्याची मुभा मिळाली.

तथापि एक गोष्ट या ठिकाणी विसरता कामा नये. तार विश्वासार्ह आहे की नाही, हा प्रश्न ज्याच्या घरी तार आहे त्याचाच. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशात शंभर माणसांमागे एकही टेलिफोन पुरता नव्हता. ते प्रमाण ०.८ होते, जगाची सरासरी १० होती, आणि सुमारे २५ लक्ष अर्जदार प्रतीक्षा-यादीत होते. मोडेमच्या यशोगाथेला ही पार्श्वभूमी आहे.

पर्वत पाटियाचा अनुभव

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य सुरतेच्या पूर्व अंगाला, पर्वत पाटिया परिसरात आहे. रिंग रोडच्या कापडबाजाराशी बांधलेली ही वस्ती. राजस्थानातून आलेले व्यापारी, सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे, आणि जवळच्या लिंबायत-डुंभाल भागांत खानदेशातून पोट भरण्यास आलेली मराठी माणसे, असा येथील संसार. मिठी खाडीचे पाणी पावसाळ्यात या बाजूला चढते, हे सुरतकरांना सांगावयास नको. ज्या वस्तीत पाणी रस्त्यावर येते, तेथे जमिनीखालच्या तारांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

सुरतेला स्वतःची सोय होण्यापूर्वी येथील माणसाला इंटरनेटसाठी दुसऱ्या शहराचा क्रमांक एस.टी.डी.ने फिरवावा लागे. मिनिटागणिक पैसे जात. त्यामुळे जोडणी टिकणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर खर्चाचाही प्रश्न होता. पाऊण तास उतरवून घेतलेली फाइल शेवटच्या मिनिटाला तुटली, की सारे पैसे वाया. यावर तुटलेल्या जागेपासून पुढे उतरवून घेण्याची सोय असलेल्या कार्यप्रणाली आल्या, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

अनुभवातून या माणसांनी स्वतःचे शास्त्र तयार केले. मोडेमची तार थेट पहिल्या रोझेटला जोडावी, समांतर फोन काढून ठेवावा. दुसरा फोन येत असल्याची सूचना देणारी सोय बंद करून घ्यावी, कारण त्या एका टिकटिकीने जोडणी कोसळते. रात्री उशिरा बसावे, कारण तेव्हा एस.टी.डी.चा दर चतुर्थांशावर येतो आणि मार्गही मोकळे असतात. पावसाळ्यात वेगाचा लोभ सोडून मोडेमला मुद्दाम कमी वेग बांधून द्यावा. ९६०० वर तासभर टिकणारी जोडणी २८,८०० वर दहा वेळा तुटणाऱ्या जोडणीपेक्षा अधिक काम देते, हा धडा येथील कापड-दलालांच्या मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवला नव्हता. विजा चमकू लागल्या की तार काढून ठेवावी, हा नियम तर घराघरांत पाळला जाई. तो न पाळणाऱ्याचा मोडेम एका रात्रीत निकामी होई.

पुढे केंद्रे अंकीय झाली, स्थानिक क्रमांकावरून इंटरनेट मिळू लागले, आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच तांब्याच्या तारेवर आवाजाच्या पट्ट्याच्या वरचा भाग वापरणारी ब्रॉडबँड सेवा आली. मोडेमचा कोलाहल थांबला. त्यानंतर काचतंतू आले आणि खांबावरची तांब्याची तार हळूहळू अंतर्धान पावू लागली.

ग्रंथालये आणि देवनागरी

ग्रंथालयांच्या दृष्टीने हा काळ विशेष महत्त्वाचा ठरला. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्फ्लिबनेट’ हा ग्रंथालयांना जोडणारा कार्यक्रम सुरू केला. त्याचे केंद्र गुजरातेतच आहे. त्याच दशकात मुंबईत बोनेट, पुण्यात पुणेनेट, अहमदाबादेत अ‍ॅडिनेट ही शहरी ग्रंथालय-जाळी उभी राहिली. एका ग्रंथालयात नसलेले पुस्तक शेजारच्या ग्रंथालयात आहे काय, हे टेलिफोनच्या तारेवरून पाहता यावे, ही त्यामागची साधी आणि थोर कल्पना होती. एखाद्या संशोधकाला एका नियतकालिकाच्या अंकासाठी मुंबईला खेप घालावी लागे, तेथे आता एका नोंदीवर काम भागण्याची आशा निर्माण झाली.

परंतु मराठी वाचकाच्या वाट्याला यात एक निराळी अडचण आली. तार निर्दोष झाली, तरी अक्षर पोहोचेना. त्याचे कारण असे, की त्या वेळच्या ई-मेलची पुष्कळशी व्यवस्था अक्षरामागे सात चिन्हे गृहीत धरून बेतलेली होती. रोमन लिपीला तेवढी पुरतात. १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झालेल्या ‘इस्की’ या संकेतात देवनागरी अक्षरांसाठी आठवे चिन्ह आवश्यक होते. वाटेतल्या एखाद्या संगणकाने ते आठवे चिन्ह निरुपयोगी म्हणून छाटले, की पुण्याच्या सी-डॅकच्या सामग्रीवर सुबकपणे लिहिलेले मराठी पत्र पलीकडे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन उतरे. मोडेमने पोच दिलेली असे, मोजणी जुळलेली असे, आणि तरीही पत्र हरवलेले असे. तपासणी करणाऱ्यांच्या लेखी ते अक्षर मुळात अस्तित्वातच नव्हते.

मराठी माणसांनी यावर आपली वाट काढली. परदेशी राहणारे मराठी भाषक रोमन लिपीतच मराठी लिहू लागले. अमेरिकेतील श्री. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ने रोमन लेखनावरून देवनागरी छापण्याची सोय केली. १९९६ साली ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि देशोदेशीच्या मराठी माणसांना एक चावडी मिळाली. जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणारा युनिकोड प्रत्यक्ष व्यवहारात रुळल्यावर हा प्रश्न सुटला. दरम्यानच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी भाषा तारेवरून परक्या वेषात वावरली, ही नोंद मराठीच्या अभ्यासकांनी करून ठेवली पाहिजे.

समारोप

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो असे मला वाटते. साधी टेलिफोनची तार अखेरपर्यंत सदोषच राहिली. तिच्यावरून गेलेला मजकूर मात्र निर्दोष झाला. विश्वासार्हता तारेत नव्हती, ती दोन्ही टोकांना बसलेल्यांच्या शिस्तीत होती. पाठवणाऱ्याने मोजून पाठवावे, घेणाऱ्याने मोजून घ्यावे, आणि शंका आली तर संकोच न करता पुन्हा विचारावे. आजच्या इंटरनेटचा पायाही हाच आहे. काचतंतूवरूनसुद्धा मजकूर गठ्ठ्यांनीच जातो, तपासला जातो आणि हरवला तर पुन्हा मागवला जातो.

पाठशुद्धी करणाऱ्या संपादकाचे दुःख यामुळे अधिक स्पष्ट होते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यांना मूळ लेखकाकडे पुन्हा विचारणा करण्याची सोय नव्हती. मोडेमला ती होती, कारण पलीकडचे टोक जिवंत होते. विचारता येते तोवर विचारून घ्यावे, हा या साऱ्याचा व्यावहारिक अर्थ.

आणि म्हणूनच आपल्या ग्रंथालयाच्या सभासदांना व आश्रयदात्यांना एक विनंती करावीशी वाटते. मोडेमच्या काळातील कागद झपाट्याने नाहीसे होत आहेत. छापून ठेवलेली पहिली ई-पत्रे, रोमन लिपीतील मराठी पत्रव्यवहार, टेलिफोनची बिले, मोडेमच्या माहितीपुस्तिका, ग्रंथालय-जाळ्यांची परिपत्रके हे सारे अडगळ म्हणून रद्दीत जात आहे. शंभर वर्षांपूर्वीची हस्तपत्रिका आपल्या कपाटात सुरक्षित आहे, परंतु पंचवीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचू शकेल असे यंत्र शोधावे लागते. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते ग्रंथालयाकडे द्यावे. खांबावर चढून ओल्या जोडण्या कोरड्या करणारे लाइनमन आणि केंद्रांत रात्रपाळी करणारे तंत्रज्ञ आज निवृत्त आहेत, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. या बाबतीत पलीकडचे टोक अजून जिवंत आहे. शतकोत्तर वाटचालीतील ग्रंथालयाच्या पहिल्या कामांत हे एक काम असावे, एवढेच सुचवून हा लेख पुरा करतो.